अकरा अंश

फ्रीझर माझा होता, हे आधीच सांगते.
हरणाचं मटण, ऑगस्टमधल्या ब्लूबेरी,
एकदा तर अख्खा मासा, शेपटी दुमडून.
मुलं पांगली, बंदूक विकली,
तेव्हा आह्तीनं विचारलं, देतेस?
म्हटलं, ने.

त्यानं झाकणाखाली लाकडी चौकट बसवली,
चौकटीला भोक, भोकात नळ,
आणि एक थर्मोस्टॅट,
वायरीच्या टोकाला इवलासा कान
बुधल्याला टेपनं चिकटवलेला.
लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली,
माझं इतकं कान लावून ऐकलं नाही कुणी.

आंबताना बिअरला अठरा अंश लागतात,
पिताना चार.
पेटी एकच.
एका म्यानात दोन तलवारी, मी म्हणाले.
तो म्हणाला, पाळीपाळीनं.

म्हणजे तीन आठवडे बुधला आत,
ओठांतल्या ओठांत बुडबुडत;
मागच्या खेपेची उरलेली बिअर
स्टीलच्या पिंपात, माझ्या स्वयंपाकघरात,
चुलीशेजारी, कोमट, नुसता फेस.
मग तीन आठवडे पिण्याचे,
तेव्हा नवं काही आंबत नाही.
पाहुणे नेमके
चुकीच्या तीन आठवड्यांत येतात.

जानेवारीत आणखीच उलटं.
इथे कॅल्युमेटला गराजमध्ये उणे नऊ,
म्हणून फ्रीझरमध्ये गरम पट्टा लावायचा!
थंड करायचं यंत्र, आणि आख्ख्या आवारात
तेवढंच काय ते उबदार.
एकदा मी ओले हातमोजे आत वाळत घातले.
रविवारी चर्चमध्ये
शेजारची बाई दोनदा माझ्याकडे वळली.

तशाच एका जानेवारीत, बुधल्याच्या नवव्या दिवशी,
वेइक्को आला. न कळवता.
वडिलांच्या होडीवरून बोलणं तुटलं होतं,
त्याला सात वर्षं झाली.
होडी तर केव्हाच कुजली.
दारात बूट झटकत म्हणाला,
तू बिअर करतोस असं ऐकलं.
गार आहे ना?

आह्ती काही न बोलता गराजमध्ये गेला.
मी मागोमाग.
झाकण उघडून तो आत वाकला होता.
तिथे फार वेळ वाकू नये,
आंबताना सुटलेला वायू तळाशी दबा धरून असतो,
श्वास जागीच अडतो.
त्याचं बोट थर्मोस्टॅटच्या बटणावर.
चारवर आणलं तर यीस्ट झोपी जाणार,
नऊ दिवस पाण्यात.
नाही आणलं, तर भाऊ.

बाहेर या, मी म्हणाले. दोघांनाही.

पण तोवर वेइक्कोनं माझ्या चुलीशेजारचं पिंप
खांद्यावर घेतलं होतं.
गराजमागे छातीइतका बर्फ.
फावड्यानं खड्डा केला, पिंप पुरलं,
नळी तेवढी वर ठेवली.
आह्ती म्हणाला, दोन तास लागतील.
वेइक्को म्हणाला, लागू देत.

घरात आले नाहीत.
खिडकीची काच आतून गोठलेली,
नखानं खरवडून मी भोक पाडलं,
त्यातून दोन टोप्या दिसत होत्या.
एक टोपी मधेच हलायची.
मग दुसरी, बऱ्याच वेळानं.
काय बोलले ते मला ठाऊक नाही.
फावडं मात्र हातोहात फिरत होतं,
काहीही खणायचं नसताना.

दोन तासांनी नळ सोडला तर थेंब नाही.
पिंपातली बिअर अजून गार व्हायचीच होती,
पण नळी पार गोठलेली.
मग पुन्हा खांदा, पुन्हा माझी चूल,
नळीभोवती माझं भांडी पुसायचं फडकं,
गरम पाण्यात पिळून.

ग्लास भरले.
आह्तीनं सवयीनं थर्मामीटर बुडवला.
अकरा.
ना आंबायच्या कामाचे, ना प्यायच्या.
वेइक्कोनं एक घोट घेतला, मिशी पुसली,
म्हणाला, वाईट आहे.
आणि ग्लास पुन्हा पुढे केला.

एप्रिलमध्ये कुणीतरी जुना फ्रीझर
चाळीस डॉलरला विकायला काढला,
शाळेमागच्या गल्लीत.
कागदावर पत्ता लिहून
मी आह्तीच्या टोपीखाली ठेवला.
कागद अजून तिथेच आहे.
टोपी रोज उचलली जाते.